बारावीची वही: वर्ग म्हणजे शेवटच्या हजेरीतली मुलं, की पहिलीपासूनची सगळी?

नवापुऱ्याची

नमस्कार. मी बडोद्याची, यंदा बारावी कॉमर्स. बोर्ड मार्चमध्ये संपलं, निकाल यायचाय, आणि मधल्या या दिवसांत आमचा वर्ग एक वही काढतोय. छापील स्मरणिका नाही. प्रत्येकानं हातानं पान लिहायचं, त्यांची झेरॉक्स काढायची, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि सगळ्यांना एकेक प्रत द्यायची. वर्गशिक्षिका बेननी हे काम माझ्यावर आणि आणखी दोघांवर सोपवलंय. शाळा गुजराती माध्यमाची, वहीही गुजरातीतच. पण आम्ही मराठी घरची बरीच मुलं वर्गात आहोत, आणि ज्याला मराठीत लिहायचंय त्यानं खुशाल लिहावं असं बेननी स्वतःहून सांगितलं. माझी आत्या म्हणाली की जुने बडोदेकर या फोरमवर पुष्कळ आहेत, म्हणून इथे विचारतेय.

प्रश्न असा: वहीत कोणाकोणाला घ्यायचं?

सोपं उत्तर म्हणजे बारावीच्या हजेरीपत्रकावर जेवढी नावं, तेवढी पानं. माझ्याबरोबरच्या दोघांचं मत तेच आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. दिवस थोडे आहेत, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचाय, आणि गेलेल्यांना शोधणार कुठे? पण मी या शाळेत बालमंदिरापासून आहे. वर्ग आठवायला बसले की जे चेहरे समोर येतात, त्यांतले निम्मे तरी आज त्या हजेरीत नाहीत.

आमच्या बॅचचं थोडं सांगते, म्हणजे मी का अडून बसलेय ते कळेल.

पाचवी-सहावीपर्यंत सगळ्यांचं असतं तसंच. उत्तरायणानंतर मांज्यानं कापलेल्या बोटांना पट्ट्या लावून आलेली मुलं, नवरात्रात अर्धमिटल्या डोळ्यांनी पहिला तास, कमाटीबागेतली झू आणि म्युझियमची सहल. सातवीत होतो तेव्हा ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. शाळा लवकर सोडली. आमच्या शाळेच्या रिक्षाचे काका होते, त्यांनी रिक्षा बंद पडल्यावर ती ढकलत ढकलत नेली आणि आम्हाला एकेकाला घराच्या दारात सोडलं. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात होती, रोल नंबर २३. ती सगळ्यात शेवटी घरी पोचली, कारण काकांनी आधी आम्हाला सोडलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. सातवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही, मास प्रमोशन. आठवी फोनवर आणि डीडी गिरनार या दूरदर्शनच्या गुजराती वाहिनीवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये आई-बाबांच्या सहीचं संमतिपत्र घेऊन शाळेत गेलो, एका बाकावर एक असे बसलो, आणि महिनाभरात पुन्हा बंद. आठवीतून नववीतही मास प्रमोशन. जुलै २०२१ संपता संपता नववी भरली, तेव्हा हजेरी घेताना बेन एकेका नावावर थांबत होत्या. "हा येणार आहे का? कोणाला माहितीय?"

रोल नंबर २३ आली नाही. शाळा बंद तर शाळेची रिक्षाही बंद. काकांनी काही महिने भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावली आणि मग सगळं घर डभोईकडे त्यांच्या गावाला गेलं. एक मुलगा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वडील गेल्यावर मामाकडे जळगावला गेला. एक सुरतेला. दोघातिघांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. कोणी निरोप घेऊन गेलं नाही, कारण निरोप घ्यायला शाळाच भरत नव्हती. घरचं मोठं माणूस ऑफिसात आलं, एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन गेलं. दहावीनंतर जे सायन्सला दुसऱ्या शाळेत गेले, डिप्लोमाला गेले, त्यांना आम्ही निदान केक कापून पाठवलं.

रोल नंबर २३ रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायची. सुविचार सगळेच लिहितात, पण ती खडू आधी पाण्यात बुडवायची. लिहिताना अक्षरं दिसायचीच नाहीत, फळा नुसता ओला. प्रार्थना संपवून वर्गात येईपर्यंत ती वाळायची आणि पांढरीशुभ्र उठून दिसायची, दिवसभर हात लागला तरी पुसली जायची नाहीत. आम्ही सगळ्यांनी तिचं बघून करून पाहिलं. तिच्या हातून जेवढं ठसठशीत यायचं तेवढं कोणाच्याच हातून आलं नाही. माझ्या शाळेतलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हे, आणि ती हजेरीत नाही म्हणून ते वहीत येणार नाही, हे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न: वाईट दिवसांचं लिहायचं का? वर्गातल्या बहुतेकांना वही आनंदाची हवीय. अकरावीत आमची सहल ठरत होती, पैसे भरून झाले होते. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावावर बोट उलटून सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दुसऱ्या शाळेची मुलं होती, आमच्यापेक्षा खूप लहान. आमची सहल रद्द झाली, बेननी प्रत्येकाचे पैसे पाकिटात घालून, वर नाव लिहून परत दिले, आणि त्यानंतर सहलीचं नाव कोणी काढलं नाही. मग बारावीत, ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुट्टीत विश्वामित्रीचा पूर. समा आणि वडसरकडे राहणाऱ्या आमच्या मुलांच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. त्यांची पुस्तकं तर गेलीच, पण वह्या गेल्या, आणि अकाउंटला वहीच सगळं असते. एकीनं पानं सुटी करून दोरीवर चिमटे लावून वाळवली. जेल पेननं लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं, निळे डाग फक्त. बॉलपेननं लिहिलेलं जसंच्या तसं. त्यानंतर आमच्या वर्गानं जेल पेन सोडलं. आम्ही धडे वाटून घेतले: कोणी पाघडीचं (गुडविलला आमच्या पुस्तकात पाघडी म्हणतात) मूल्यांकन, कोणी भागीदाराचा प्रवेश, कोणी निवृत्ती. प्रत्येकानं आपला धडा पुन्हा स्वच्छ लिहून काढला आणि त्याच्या झेरॉक्स त्यांना दिल्या. मला वाटतं वर्ग म्हणून आम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. पण ते लिहायचं तर पूरही लिहावा लागतो.

तुमच्या शाळेच्या अशा वह्या, स्मरणिका असतील तर त्यांत काय होतं? आज उघडून पाहताना काय हवं होतं असं वाटतं? मनापासून विचारतेय.

---

पुण्यात बडोदेकर

तुझं वाचलं आणि माळ्यावरची आमची स्मरणिका काढायला लावली मुलीला. मी २००१ ची दहावी, बडोद्यातच, मराठी माध्यम. तेव्हा गुजरात बोर्डाचा पेपर आम्ही मराठीतून दिला.

आमच्या वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदनाला मैदानावर उभे होतो. झेंडा वर गेला, भाषण सुरू झालं, आणि पावणेनऊच्या सुमाराला पायाखालची जमीन हलली. मला आधी वाटलं उपाशी पोटी उभी आहे म्हणून चक्कर आली. मग पाहिलं तर झेंड्याचा खांब डोलत होता आणि वारा अजिबात नव्हता. बाईंनी माईकवरून एकच वाक्य सांगितलं, "आहात तिथेच खाली बसा, इमारतीकडे कोणी पळायचं नाही." पाचशे-सहाशे मुलं मैदानात मांडी घालून बसली. भूज किती लांब, तिथे काय झालंय हे संध्याकाळी टीव्हीवर कळलं. पुढे आठवडाभर आम्ही दप्तर न घेता शाळेत जात होतो, कपडे आणि धान्य गोळा करायला.

स्मरणिकेत यातली एक ओळ नाही. तीस-पस्तीस पानं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पानावर शिक्षकांनी आम्हाला घडवलं, ही शाळा आमची दुसरी आई आहे. खोटं नव्हतं ते, आम्हाला तसं वाटतच होतं. पण नाव झाकलं तर कुठलं पान कोणाचं हे मला आज ओळखता येत नाही. माझं स्वतःचंसुद्धा.

मुलीनं ती चाळली आणि विचारलं, "आई, तू कुठे बसायचीस?" ते कुठेच नव्हतं. तेव्हा माझं एक ऐक: वर्गाचा नकाशा काढा. एखादा दिवस धरा, दार कुठे, खिडकी कुठे, पंखा कुठला बंद, आणि कुठल्या बाकावर कोण. सातवीचा एक, नववीचा एक, बारावीचा एक. सातवीच्या नकाशात तुझी रोल नंबर २३ आपोआप येते, तिला घ्यायचं की नाही हा वाद घालायलाच नको. आणि नववीच्या नकाशात रिकामी राहिलेली बाकं रिकामीच काढा.

पुराचं लिही. अकाउंटच्या झेरॉक्सचं तर लिहीच.

---

निवृत्त मास्तर

बेटा, मी बडोदा जिल्ह्यातल्या शाळांत शिकवलं आणि शेवटची काही वर्षं आचार्य म्हणून जनरल रजिस्टर माझ्या सहीनं चालायचं. तुला ते ठाऊक असेल, तुझ्या मार्कशीटवर जी.आर. नंबर असतो तो त्यातलाच. मुलाचं पूर्ण नाव, आकड्यात आणि अक्षरी जन्मतारीख, जन्माचं गाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, आणि उजवीकडे शेवटचे दोन रकाने: शाळा सोडल्याची तारीख व कारण. रोल नंबर दर वर्षी बदलतो. जी.आर. नंबर एकदा दिला की तो त्या मुलाचाच, मूल गेलं तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. तेव्हा शाळेच्या कागदावर तुमच्या रोल नंबर २३ ची ओळ आजही आहे.

त्या शेवटच्या रकान्यात मी हजारो वेळा लिहिलं असेल. "पालकांची बदली." "अन्य शाळेत प्रवेश." "गाव बदलल्याने." टेबलापलीकडे बाप उभा असायचा, त्याला विचारलं तर तो दुसरंच सांगायचा, किंवा काहीच सांगायचा नाही. रकाना एवढासा. त्यात जे मावेल ते लिहायचो. तुमच्या वहीला तो रकाना ठेवायची गरज नाही आणि ठेवूही नये. कोण का गेलं हे लिहू नका, कोण होतं ते लिहा.

आता कामाचं. ते रजिस्टर ऑफिस तुमच्या हातात देणार नाही आणि देऊ नये, त्यात घराघरातली माहिती असते. पण तुमच्या बेन क्लार्ककडे बसून पहिलीपासूनच्या नावांची यादी ताडून पाहू शकतात. त्याआधी तुम्ही दोन गोष्टी करा. दर वर्षीचे वर्गाचे फोटो गोळा करा, कोणाच्या तरी आजीनं मागे नावं लिहून ठेवलेली असतात. आणि ज्या मुलांची भावंडं अजून शाळेत आहेत त्यांना विचारा. मोठा भाऊ शाळा सोडतो, धाकटी बहीण तिथेच राहते, असं पुष्कळदा होतं.

हरणीबद्दल विचारलंस. तारीख लिही, काय झालं ते एका वाक्यात लिही, आणि मग तुमच्या वर्गात काय झालं तेवढंच: सहल रद्द झाली, पाकिटं परत आली. त्या मुलांबद्दल लिहिण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांचा. पाकिटावर नाव घालून पैसे परत करणाऱ्या तुमच्या बेननी त्या दिवशी जे केलं, ते मात्र तुम्हीच लिहायला हवं, दुसरं कोणी लिहिणार नाही.

आणखी एक, विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. सक्ती म्हणजे काय, तर शाळेच्या वयाची मुलं कोणकोण आहेत याची यादी करायची आणि त्यांतलं कोण आलं नाही ते पाहायचं. आलेल्यांची हजेरी कोणीही मास्तर घेतो. न आलेल्याचं नाव घेऊन विचारणं हे या गावात शंभरावर वर्षांपूर्वी राज्याचं काम ठरलं होतं. तुमच्या बेन नववीत एकेका नावावर थांबल्या, ते वाचून मला फार बरं वाटलं.

---

फतेगंजची आई

मी थोडं वेगळं सांगते, रागावू नकोस बाळा. माझ्या मुलानं नववीत शाळा बदलली. कारण पैशाचं होतं, लपवण्यासारखं नाही, पण त्याला ते फार लागलं. जुन्या मित्रांपैकी कोणी भेटलं तर तो आजही रस्ता बदलतो. त्याचं नाव त्याला न विचारता कुठल्या वहीत आलं, आणि ती वही चाळीस घरांत गेली, तर त्याला आवडेल की नाही हे मी आई असून सांगू शकत नाही.

तेव्हा आधी शोधा, मग विचारा, आणि नाही म्हणाला तर तो शब्द पाळा. फोटोचंही तसंच. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण आठवण तुमची असली तरी नाव त्याचं आहे.

---

मकरपुरा

मी अशाच एका वर्गातून गेलेला मुलगा आहे. तुझ्या शाळेतला नाही, पण बडोद्यातलाच आणि तुझ्याच बॅचचा. शाळा चालू राहती तर यंदा बारावी दिली असती.

दुसऱ्या लाटेत पप्पांचं काम सुटलं. नववी सुरू झाली तेव्हा मी मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.त, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका युनिटमध्ये लागलो होतो, पावडर कोटिंगचं काम. एल.सी. घ्यायला पप्पा गेले, मी नाही गेलो. पुढे दहावी मी बाहेरून दिली, पास झालो, आता आय.टी.आय.ला फिटर करतोय.

तुला एक सांगतो, कारण तुमच्या वर्गातही हे झालं असणार. आठवीत सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, टीचर त्यात होमवर्क टाकायचे. मला त्यातून कोणी काढलं नाही. नववीत नवीन ग्रुप झाला आणि त्यात मी नव्हतो, एवढंच. जुना ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. शेवटचा मेसेज विज्ञानाच्या स्वाध्यायाचा. बरेच दिवस मी तो उघडून बघायचो की कोणी काही टाकलंय का.

कोणाची चूक नाही. घरोघरी कोरोना चालू होता, मुलं तेरा-चौदा वर्षांची.

आता तुझ्या प्रश्नाचं. काकू म्हणतात ते बरोबर आहे, विचारून घ्या. पण विचारा मात्र. "त्याला वाईट वाटेल" म्हणून विचारायचंच नाही, असं करू नका. मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आणि मी काय लिहिलं असतं तेही सांगतो. आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पाचवीपासून शिपाईकाकांना माझ्यावर भरवसा होता, ते चहाला गेले की मी वाजवायचो. तीन ठोके थांबून थांबून म्हणजे तास बदलला, सलग वाजवली की सुट्टी. मधल्या सुट्टीची घंटा मी अर्धा मिनिट आधी द्यायचो, आणि सगळ्या शाळेला ते माहीत होतं. माझं पान असं असतं. त्याच्यात शाळा का सोडली हे कशाला पाहिजे?

तुमची रोल नंबर २३ कुठे असेल ती, तिला तिच्या खडूबद्दल कोणाला आठवतं हे कळू दे.

---

नवापुऱ्याची

सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला, कारण मकरपुऱ्याच्या दादाचं वाचलं आणि त्याच रात्री मी आमचा आठवीचा जुना ग्रुप उघडला. तो होता. त्यात सगळ्यांचे नंबर होते, जे गेले त्यांचेसुद्धा. आम्ही त्यांना शोधायचं कसं म्हणून डोकं धरून बसलो होतो आणि ते आमच्याच फोनमध्ये चार वर्षं होते. बरेचसे आई-वडिलांचे नंबर, काही बंद झालेले.

मी बेनना विचारून त्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. काकू, तुमचं सांगणं डोळ्यांपुढे ठेवून लिहिला: वही निघतेय, पान लिहायचं असेल तर लिहा, नसेल लिहायचं तर नुसतं "नाही" म्हणा, कारण विचारणार नाही. तासभर कोणीच काही बोललं नाही. मग सुरतेहून उत्तर आलं, "ग्रुप जिवंत आहे??" आणि त्यानंतर रात्री दीडपर्यंत फोन थांबला नाही.

रोल नंबर २३ चा नंबर काकांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, आधी त्यांनी माझ्या आजीची तब्येत विचारली. ती डभोईजवळच्या शाळेत आर्ट्सला आहे, तिनंही यंदाच बारावीची परीक्षा दिलीय. पान पाठवते म्हणाली आहे. ओल्या खडूचं मी तिला सांगितलं तर म्हणाली, ते तिला काकांनी शिकवलं होतं, रिक्षाच्या मागे शाळेचं नाव आणि नंबर ते तसेच लिहायचे, पेंटरला पैसे द्यायला नकोत म्हणून. रोज त्या रिक्षात बसून मी ते वाचत होते.

जळगावचा मुलगा "नाही" म्हणाला. त्याचं नाव येणार नाही, नकाशातही नाही. त्या बाकावर आम्ही काही लिहिणार नाही. दोघांचा अजून पत्ता लागलेला नाही.

ठरलं ते असं. बारावीच्या हजेरीतली सगळी, आणि पहिलीपासून कधीही आमच्या तुकडीत असलेलं जे कोणी हो म्हणेल ते. पानं रोल नंबरनं लावायची नाहीत, कारण गेलेल्यांना मग शेवटी टाकावं लागतं. ज्या वर्षी जो आमच्या वर्गात आला त्या क्रमानं. त्यामुळे बालमंदिरवाले आधी आणि अकरावीत आलेले शेवटी. याला माझ्याबरोबरच्या दोघांपैकी एकाचा अजून विरोध आहे, तो अकरावीतच आलाय. त्याचं म्हणणं मला पटतंय, म्हणून त्यानंच बारावीचा नकाशा काढायचा आणि तो पहिल्या पानावर घालायचा असं आम्ही त्याला सांगितलंय.

पुण्याच्या ताई, नकाशांनी भांडणं लावली आहेत. सातवीत मागून दुसऱ्या बाकावर कोण बसायचं यावर तिघांचा दावा आहे, आणि तिघंही शपथेवर सांगतात. सर, फोटोंच्या मागची नावं खरोखर एका आजीकडे मिळाली, दुसरीपासून पाचवीपर्यंतची. बेन ऑफिसात यादी ताडून पाहणार आहेत. हरणीचं आणि पाकिटांचं मी लिहिलंय, तुम्ही सांगितलं तेवढंच, आणि बेनना न दाखवता. त्या स्वतःबद्दलचं खोडतील म्हणून. पुराचं पान जिच्या वह्या वाळत घातल्या होत्या तिनं लिहिलंय आणि त्यात धुऊन गेलेल्या एका खऱ्या पानाची झेरॉक्स लावलीय. झेरॉक्समध्ये निळा डाग राखाडी येतो, पण "पाघडी" एवढं एक शीर्षक वाचता येतं, ते बॉलपेननं लिहिलं होतं.

घाई एवढ्यासाठी की निकाल लागला की जीकॅसचे (कॉलेज प्रवेशाच्या सरकारी पोर्टलचे) फॉर्म, मग कोण इथल्या एम.एस. युनिव्हर्सिटीला, कोण आणंदला, कोण नोकरीला. त्याआधी प्रती हातात पडायला हव्यात. पानं वाढल्यामुळे खर्च वाढलाय, तो आम्ही हजेरीतल्यांनीच वाटून घ्यायचा ठरवलंय, बाहेरून येणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. एक प्रत शाळेच्या लायब्ररीत ठेवायला आचार्य हो म्हणालेत.

मकरपुरा, तुझ्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर तूच पहिला मेसेज टाक. तुमची बॅचही आत्ताच सुटली आहे, सगळे घरीच असतील. तुमच्याकडे वही निघत नसेल तर आमच्या मेसेजचा मजकूर मी खाली देते, तसाच वापरला तरी चालेल.

"नमस्कार. आपल्या वर्गाची वही काढायची आहे. या ग्रुपमधल्या प्रत्येकाला एक पान. हातानं लिहून फोटो पाठवा, शक्यतो बॉलपेननं, एका बाजूला. आपण वर्गात काय करायचो ते लिहा. लिहायचं नसेल तर नुसतं 'नाही' कळवा, कोणी काही विचारणार नाही. ज्यांचा नंबर बदललाय त्यांना ओळखत असाल तर हा मेसेज त्यांना पोचवा."